‘राष्ट्र’ म्हणजे कुठलं? सोलापूरच्या 520 फॉर्मांतून राष्ट्रवादाचे प्रकार शोधताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समज कुठे चुकली असेल तर लगेच दिसेल. पीएच.डी.साठी तुम्ही सोलापूर शहरात 520 जणांचे फॉर्म भरून घेतलेत. फॉर्मात 16 विधानं आहेत आणि प्रत्येकाला ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत चार पर्याय. त्यातली आठ विधानं ‘खरा भारतीय कोणाला म्हणायचं’ या धाटणीची: जन्म इथला हवा, पूर्वज इथले हवेत, अमुक धर्म हवा, अमुक भाषा यायला हवी, कायद्याचा मान राखायला हवा, वगैरे. पाच अभिमानाची: लोकशाही, सैन्य, इतिहास, विज्ञान, सगळ्या समाजांना मिळणारी समान वागणूक. उरलेली तीन ‘आपलाच देश भारी’ छापाची, त्यातलं एक उलट्या दिशेचं. सगळ्यांची बेरीज करून तुम्ही ‘राष्ट्रवाद निर्देशांक’ काढलात आणि त्याचा क्रॉनबाख अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, 0.54 आला. गाइड म्हणतात, न जुळणारी विधानं एकेक करून काढा आणि अल्फा 0.7 च्या वर न्या. एका मित्राने लेटंट क्लास अनालिसिस सुचवलं, म्हणजे उत्तरांवरून माणसांचे छुपे गट शोधायची पद्धत. ते तुम्ही दोनपासून सात वर्गांपर्यंत चालवलं. मॉडेल किती चपखल आणि किती गुंतागुंतीचं याचा तोल मोजणारे दोन आकडे असतात, बीआयसी आणि एआयसी, कमी तितका बरा. बीआयसी चार वर्गांना सगळ्यांत कमी आला, एआयसी मात्र सातपर्यंत खालीच जातोय. चारपैकी एक वर्ग सगळ्यालाच ‘पूर्ण सहमत’ म्हणतो. त्याला तुम्ही ‘कट्टर राष्ट्रवादी’ असं नाव देऊन टाकलंय. आता हे वर्ग खरे मानायचे का, आणि भाषा, वय, शिक्षण यांच्याशी ते जोडायचे कसे, हे तुम्ही विचारताय.

सर्वांत आधी, अल्फा वाढवायला विधानं काढू नका. गाइडांना दुखवायचं नसेल तर त्यांना दोन फॉर्म शेजारी ठेवून दाखवा. समजा पाचच विधानं घेतली: जन्म, धर्म, भाषा, कायदा, लोकशाहीचा अभिमान. ‘पूर्ण सहमत’ला 4, ‘पूर्ण असहमत’ला 1. पहिल्या माणसाचे गुण 4, 4, 3, 2, 2. दुसऱ्याचे 2, 1, 4, 4, 4. बेरीज दोघांचीही 15. तुमच्या निर्देशांकात हे दोघे जुळे भाऊ आहेत, आणि समोरासमोर बसवले तर दहा मिनिटांत कडाक्याचं भांडण होईल. एकाच्या मते भारतीयपण रक्तातून येतं, दुसऱ्याच्या मते वागण्यातून. अल्फा 0.54 आला तो तुमच्या फॉर्माचा दोष नाही. अल्फा एवढंच विचारतो की सगळी विधानं एकाच दिशेने हलतात का, आणि तुमच्या लोकांत ती हलत नाहीत. धर्म आणि कायदा ही दोन विधानं काहींच्या बाबतीत हातात हात घालून चालतात, काहींच्या बाबतीत एकमेकांकडे पाठ फिरवतात. ‘न जुळणारी’ म्हणून काढाल तर जे शोधायला निघालात तेच कचऱ्यात जाईल.

हा घोळ जुना आहे. हान्स कोन यांनी 1944 मध्ये राष्ट्रवादाची दोन घराणी सांगितली. त्यांना पुढे नागरी आणि वांशिक अशी नावं चिकटली, आणि मग देशच्या देश या ना त्या खान्यात टाकले गेले. 1989 मध्ये कॉस्टरमन आणि फेशबाख यांनी फॅक्टर अनालिसिस करून दाखवलं की देशावर जीव असणं आणि देश इतरांपेक्षा वरचढ मानणं ही दोन वेगळी मापं आहेत. पण फॅक्टर अनालिसिस म्हणजे शेवटी प्रश्नांची वर्गवारी. कुठला प्रश्न कुठल्या प्रश्नाबरोबर जातो, एवढं ते सांगतं. माणसांची वर्गवारी करायची तर वेगळं हत्यार लागतं, लेटंट क्लासचं. ते पॉल लाझार्सफेल्ड यांनी 1950 च्या सुमारास मांडलं, लिओ गुडमन यांनी 1974 मध्ये त्याचं गणित हाताळण्याजोगं केलं, आणि राष्ट्रवादावर ते नीट चालवून दाखवलं बोनिकोव्स्की आणि डिमॅजियो यांनी, 2016 च्या लेखात. अमेरिकेच्या 2004 च्या सर्वेक्षणातून त्यांना चार प्रकार सापडले: सगळ्याच बाबतीत उत्साही, फारसं देणंघेणं नसलेले, ‘खरा अमेरिकन’ कोण याचं कुंपण घट्ट ठेवणारे पण संस्थांबद्दल विशेष अभिमान नसलेले, आणि कुंपण सैल ठेवून संस्थांचा अभिमान बाळगणारे. शेवटचे दोन प्रकार बघा. बेरजेच्या पट्टीवर ते दोन्ही मध्येच कुठेतरी पडतात आणि एकमेकांत मिसळून जातात.

आपल्याकडे हे किती लागू पडतं, यासाठी प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेचं सर्वेक्षण बघा. 2019 च्या अखेरीपासून 2020 च्या सुरुवातीपर्यंत सुमारे 30,000 भारतीयांच्या मुलाखती झाल्या, 17 भाषांत. 84 टक्के लोक म्हणाले की खरा भारतीय असायला सर्व धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं. हिंदूंपुरतं बघितलं तरी ते प्रमाण ऐंशीच्या वरच आहे. आणि त्याच हिंदूंपैकी 64 टक्के म्हणाले की खरा भारतीय असायला हिंदू असणं फार महत्त्वाचं. ऐंशी आणि चौसष्ट मिळून होतात एकशे चव्वेचाळीस. म्हणजे निदान 44 टक्के हिंदूंनी दोन्ही गोष्टींना ‘फार महत्त्वाचं’ म्हटलंय. कोनच्या दोन खान्यांत ही माणसं कुठे बसवणार? ती गोंधळलेली नाहीत, आपले खाने चुकलेत. लेटंट क्लास मॉडेलचा फायदा हाच, की कोण काय-काय एकत्र म्हणतं हे ते बघतं आणि खाने आधीच ठरवून बसत नाही.

मॉडेलचं मूळ गृहीतक एका वाक्यात: लोकांचे काही मोजके अदृश्य गट आहेत, प्रत्येक गटाची प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याची ठरावीक शक्यता आहे, आणि गट कळला की उत्तरांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. हे तिसरं कलम सगळ्यांत जास्त मोडतं. ‘पूर्वज इथले हवेत’ आणि ‘जन्म इथला हवा’ ही विधानं तुमच्या फॉर्मात एकाखाली एक आहेत. लोक दुसऱ्याला पहिल्याचंच उत्तर देतात, गट कुठलाही असो. मग मॉडेल ती जवळीक भरून काढायला एक जादा वर्ग तयार करतं. प्रश्नांच्या जोड्यांचे उरलेले अवशेष, म्हणजे वर्ग हिशेबात घेऊनही जोडीत शिल्लक राहिलेला संबंध, तपासा. एखादी जोडी फार फुगलेली असेल तर वर्ग वाढवण्याआधी त्यातलं एक विधान बाजूला ठेवून बघा.

आता एआयसी-बीआयसीचं. 16 विधानं, प्रत्येकी चार पर्याय, म्हणजे एका वर्गामागे 48 शक्यता अंदाजायच्या, आणि त्या वर्गाचा आकार हा आणखी एक. चार वर्गांना 195 आकडे, सात वर्गांना 342. माणसं किती? 520. सात वर्गांत दर आकड्यामागे दीड माणूस येतो. एआयसी प्रत्येक नव्या आकड्याला 2 दंड लावतो, बीआयसी लावतो नमुन्याच्या संख्येचा लॉग, तुमच्या बाबतीत सुमारे 6.25. म्हणजे एक वर्ग वाढवायला एआयसीच्या दुकानात 98 मोजायचे, बीआयसीच्या दुकानात 306. एआयसी सातपर्यंत उतरत गेला कारण तिथे माल स्वस्त आहे. एवढ्या नमुन्याला मी बीआयसी धरून चालेन, पण त्याच्यावरही डोळे झाकून विसंबणार नाही. शक्य उत्तरांचे एकूण साचे चारचा सोळावा घात, म्हणजे 429 कोटींच्या वर. त्यातले तुमच्याकडे फार तर 520. त्यामुळे मॉडेलचा अंदाज प्रत्यक्ष उत्तरांशी जुळतो का हे बघणारी काय-वर्गाची (काय-स्क्वेअर) नेहमीची कसोटी इथे निरर्थक आहे, थिसिसमध्ये ती छापू नका. परीक्षक जाणकार असेल तर तिथेच पकडेल.

मी तुमच्या जागी असतो तर चार पर्यायांचे दोन केले असते: ‘पूर्ण सहमत’ एकीकडे, बाकीचं दुसरीकडे. चार वर्गांना 195 ऐवजी 67 आकडे लागतात. माहिती थोडी जाते, हे खरं. पण आपल्याकडे ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांतला फरक पुष्कळदा माणसाच्या मतापेक्षा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजावर ठरतो. दोन्ही पद्धतींनी चालवा. वर्ग तेच राहिले तर विश्वास वाढतो. आणि प्रत्येक वेळी निदान पन्नास वेगवेगळ्या सुरुवातींपासून चालवा. हे गणित टेकडीवर चढणाऱ्या आंधळ्यासारखं आहे, जवळचं टेकाड लागलं की शिखर गाठलं म्हणून थांबतं. आर हे फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातल्या पोएलसीए या पॅकेजमध्ये फेऱ्यांची संख्या द्यायची सोय आहे आणि मुळात ती एकच धरलेली असते. पुष्कळांचं घोडं इथेच पेंड खातं. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमधलं टू-स्टेप क्लस्टर म्हणजे लेटंट क्लास नव्हे, कोणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला कुठल्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात मिळेल. माझं खरं म्हणणं पुढे आहे, आणि ते सोलापूरचं आहे.

तुम्ही लिहिलंय की फॉर्म मराठीत होता आणि ‘गरजेप्रमाणे तेलुगू, कन्नड व दखनीतून तोंडी समजावून सांगितला’. या एका ओळीत तुमचा अर्धा थिसिस अडकलाय. बरीच वर्षं झाली, पूर्व भागात मी विद्यार्थ्यांना घेऊन असंच एक सर्वेक्षण करत होतो. विडी कामगार बाई. मांडीवर सूप, हातात कातर, पत्र्याच्या साच्यावर पान ठेवून कापणं चालू, आमच्याकडे बघायलाही सवड नाही. आमच्या तेलुगू बोलणाऱ्या मुलीने विधान वाचलं, ‘राष्ट्र’ हा शब्द तसाच ठेवून. बाईंनी कातर थांबवली. ‘ए राष्ट्रम्?’ कुठलं राष्ट्र? मग त्यांनीच पुढे विचारलं, महाराष्ट्राचं विचारताय की तिकडचं, तेलंगणाचं? तेलुगूत राष्ट्रम् म्हणजे राज्य. देशाला देशम् म्हणतात. आमच्या मुलीला हे ठाऊक होतं, पण मराठी शाळेत शिकलेली, कागदावर ‘राष्ट्र’ दिसलं तसं तिने वाचलं. या बाईंनी विचारलं म्हणून कळलं. त्याआधीच्या कितीजणींनी न विचारता उत्तर दिलं असेल? तोवर आमच्या मॉडेलमध्ये एक छान वर्ग तयार झाला होता, ‘राष्ट्राबद्दल कोमट’ लोकांचा. पूर्व भागातले तेलुगू भाषक त्यात दाटीवाटीने बसले होते. मी त्याच्यावर स्थलांतरित विणकरांच्या दुहेरी ओळखीचं दीड पानी स्पष्टीकरणही लिहून ठेवलं होतं. चार पिढ्या सोलापुरात काढलेल्या लोकांना मी एका शब्दापायी कोमट ठरवलं.

अभिमानाचंही तसंच. मराठीत आपण ‘भारतीय असल्याचा अभिमान’ म्हणतो. टीव्हीच्या हिंदीमुळे कोणी ‘गर्व’ म्हणालं तर आपल्या जुन्या माणसाला आधी गर्वाचं घर खाली आठवतं. तेलुगू-कन्नडमध्येही गर्व या शब्दाला ताठ्याची छटा आहे. तेलुगूत अभिमानम् हा शब्द आहे, पण तो मायेकडे, आवडीकडे झुकतो. नटाच्या चाहत्यालाही तिकडे अभिमानीच म्हणतात. कन्नडमध्ये नेमका शब्द हेम्मे. दखनीत फख्र. आणि ‘मुल्क’ म्हणाल तर म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ मूळ गावही होतो. तुमची पाच अभिमानाची विधानं या चार भाषांत एकच गोष्ट मोजतात, असं तुम्ही गृहीत धरलंय. ते तपासता येतं. मुलाखतीची भाषा हा गट धरून मॉडेल दोनदा चालवा. एकदा सगळ्या भाषांत शक्यता सारख्याच असायला हव्यात असं बंधन घालून, एकदा ते बंधन सोडून. बीआयसी सुटं मॉडेल पसंत करू लागला तर कुठल्या विधानांत भाषा फुटतेय ते एकेक करून शोधा. तेलुगू आणि कन्नड फॉर्म मिळून शंभरही नसतील तर सगळी विधानं मोकळी सोडणं परवडणार नाही, संशयित तीन-चारच सोडा. ‘राष्ट्र’ शब्द असलेल्या विधानापासून सुरुवात करा.

भाषेच्या निकषाचाही घोळ आहे. परदेशी प्रश्नावलीत ‘देशाची भाषा बोलता येणं’ असं एक विधान असतं, कारण तिकडे बहुधा भाषा एकच असते. प्यूने हिंदीबद्दल विचारलं आणि 59 टक्के हिंदू म्हणाले, फार महत्त्वाचं. सोलापुरात घरी तेलुगू, दुकानात मराठी, शाळेत कदाचित उर्दू किंवा कन्नड अशी माणसं रोज भेटतात. त्यांना नुसतं ‘भाषा यायला हवी’ विचारलं तर कोण हिंदी धरतो, कोण मराठी. दोन वेगळी विधानं हवी होती. आता वेळ गेलीय, निदान मर्यादांमध्ये लिहा. इतिहासाचा अभिमान, तोही कुठल्या इतिहासाचा? इथे पुष्कळांना पहिल्यांदा मार्शल लॉ आठवतो, 1930 चा मे महिना. आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. ज्याच्या मनात चार हुतात्मा चौक आहे त्याचा ‘इतिहासाचा अभिमान’ आणि ज्याच्या मनात गडकिल्ले आहेत त्याचा, हे फॉर्मावर एकच टिकमार्क आहेत. वर्गांचा अर्थ लावताना हे विसरू नका.

विषय निघालाच आहे तर: अशा आयात प्रश्नावलींमध्ये जात कुठेच नसते. संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी विचारलं होतं की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे असू शकतात. तुमच्या फॉर्मात याच्या जवळ जाणारं एकच विधान आहे, सगळ्या समाजांना समान वागणूक मिळते याचा अभिमान. नशिबाने तुम्ही ते ठेवलंत. गाइडांच्या सल्ल्याने गेला असतात तर पहिलं तेच गळलं असतं, माझी पैज आहे, कारण इतर अभिमानांशी ते बहुधा सगळ्यांत कमी जुळत असणार. सैन्याचा अभिमान पूर्ण आणि समान वागणुकीचा शून्य, असं सांगणारे फॉर्म वेगळे काढून वाचा. मॉडेल त्यांचा वेगळा वर्ग करो न करो.

आता तुमचे ‘कट्टर’. सगळ्या विधानांना ‘पूर्ण सहमत’ म्हणणारा वर्ग जगात जवळपास प्रत्येक सर्वेक्षणात निघतो. त्यात खरे उत्साही असतात आणि नुसते होकार देणारेही असतात, मॉडेलला त्यांतला फरक कळत नाही. आमच्याच सर्वेक्षणात मी हा वर्ग मोठ्या झोकात एका चर्चासत्रात मांडून आलो होतो. परत आल्यावर सहज म्हणून प्रत्येक वर्गात कुठल्या मुलाने किती फॉर्म भरलेत ते मोजलं. ‘कट्टर’ वर्गातला फार मोठा वाटा एकाच मुलाचा निघाला. लबाडी काही केली नव्हती त्याने. मुलगा गोड, घरोघरी चहा पिऊन यायचा. पुढच्या वेळी मी त्याच्याबरोबर गेलो. तो विधान वाचायचा, शेवटी मान हलवायचा आणि म्हणायचा, ‘बरोबर ना, काकू?’ काकू काय म्हणणार? एकीने तर स्वच्छ सांगितलं, ‘तुमीच लिवा की चांगलं बघून, आमाला काय कळतंय.’ त्याने चांगलं बघून लिहिलं होतं.

म्हणून आजच्या आज एक काम करा. डेटाशीटमध्ये चार स्तंभ जोडा: फॉर्म कोणी भरला, कुठल्या भाषेत, कुठल्या तारखेला, आणि शेजारी कोण बसलं होतं. शेवटचं नोंदवलं नसेल तर मुलांना विचारा, त्यांना आठवतं. नवरा किंवा सासरा समोर असताना बायकांचे ‘माहीत नाही’ वाढतात. तुमच्या चारपैकी जो ‘उदासीन’ वर्ग आहे, त्यात बायकांचं प्रमाण जास्त निघालं तर ती उदासीनता कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. तारखेचं म्हणाल तर 15 ऑगस्टच्या आठवड्यातले किंवा क्रिकेटच्या मोठ्या सामन्यानंतरचे फॉर्म वेगळे निघाले तर मला नवल वाटणार नाही. मग वर्ग आणि हे स्तंभ यांचे तक्ते मांडा. एखादा वर्ग एका मुलाच्या नावावर किंवा एका भाषेवर ओणवा झालेला दिसला, की तो आधी आपल्या कामाचा दोष समजायचा, समाजाचा गुण नंतर.

होकारखोर ओळखायला उलट विधान घालतात. तुमच्या फॉर्मात तसं एकच आहे: ‘भारतातल्या काही गोष्टींची मला लाज वाटते’. जे लोक ‘आपला देश बहुतेक देशांपेक्षा चांगला’ यालाही पूर्ण सहमत आणि यालाही पूर्ण सहमत, त्यांना गाळायचा मोह होईल. थांबा. एका निवृत्त गिरणी कामगाराला आम्ही हा विरोधाभास तिथल्या तिथे दाखवला होता. ते म्हणाले, ‘लाज वाटती म्हनूनच तर आपला म्हनतो. शेजाऱ्याच्या पोरानं दारू पिली तर मला कशाला लाज?’ विधान उलट आहे हे आपण ठरवतो. त्यामुळे एका विधानावर फॉर्म गाळू नका, बाकीच्या खुणाही जुळल्या तरच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, वर्ग पुढे वापरायचे कसे. तुम्ही लिहिलंय की प्रत्येकाला त्याच्या ‘सर्वाधिक शक्यतेच्या’ वर्गात टाकून मग रिग्रेशन चालवलंत, म्हणजे वर्गाचा वय, शिक्षण यांच्याशी संबंध मोजलात. त्यात काय होतं ते छोट्या उदाहरणात बघू. दोनच वर्ग समजा, दोन्ही निम्मे-निम्मे. पहिला ‘सगळंच हवं’ म्हणणारा: जन्माला हो म्हणण्याची शक्यता 0.9, धर्माला 0.8, कायद्याला 0.9. दुसरा ‘कायदा पुरे’ म्हणणारा: 0.4, 0.1 आणि 0.9. एक बाई म्हणाल्या, जन्म हो, धर्म नाही, कायदा हो. पहिल्या वर्गातून असं उत्तर यायचा हिशेब: 0.5 गुणिले 0.9 गुणिले 0.2 गुणिले 0.9, म्हणजे 0.081. दुसऱ्यातून: 0.5 गुणिले 0.4 गुणिले 0.9 गुणिले 0.9, म्हणजे 0.162. बरोबर दुप्पट. म्हणजे बाई दोन तृतीयांश दुसऱ्या वर्गात आणि एक तृतीयांश पहिल्यात. तुम्ही त्यांना पूर्णच्या पूर्ण दुसऱ्यात टाकलंत. अशा प्रत्येक तीन बायकांमागे एक चुकीच्या खान्यात गेली, आणि रिग्रेशनला ते माहीतच नाही. परिणाम असा की वर्ग आणि शिक्षण यांचा संबंध असेल त्यापेक्षा फिका दिसतो. आणि कायद्याचं विधान बघा, दोन्ही वर्गांत 0.9. फॉर्मवर जागा अडवून बसलंय, वर्ग ओळखायला त्याचा उपयोग शून्य.

यावर उपाय म्हणजे तीन टप्प्यांची दुरुस्त पद्धत. व्हेर्मुंट यांनी 2010 मध्ये ती नीट बसवली. आधी वर्ग काढायचे, मग माणसं वाटायची, आणि वाटताना किती चूक होते त्याचा तक्ता तिसऱ्या टप्प्यात हिशेबात घ्यायचा. लेटंट गोल्ड आणि एमप्लस या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ती तयार मिळते. पैसे नसतील तर पोएलसीएमध्ये शिक्षण, वय हे घटक मॉडेलबरोबरच एका दमात घालता येतात. तेही चालतं, फक्त घटक घातल्यावर वर्गांचा चेहरा बदलत नाही ना, ते तपासा. आणि मुलाखतकार हा घटक त्यात घालायला लाजू नका.

नावांबद्दल एवढंच, की ‘कट्टर’ काढा. वर्गाचं नाव त्याच्या उत्तरांवरून द्यावं, आपल्या मतावरून नाही. ‘सर्व निकषांना होकार देणारे’ हे नाव रुक्ष आहे, पण प्रामाणिक आहे. 520 लोकांवरून ‘सोलापूरचे इतके टक्के लोक असे’ हेही लिहू नका. तुमचे फॉर्म मुलांच्या ओळखीच्या गल्ल्यांतून आलेत, हे तुम्हीच सांगितलंय. प्रकार कोणते सापडतात हे अशा नमुन्यावरून सांगता येतं, ते शहरात किती आहेत हे येत नाही.

एक छोटं काम सुचवतो, महिन्याभरात होईल. प्रत्येक वर्गातून पंधरा असे साठ लोक निवडा, तेलुगू आणि कन्नड बोलणारे मुद्दाम जास्त घ्या, आणि त्यांच्याकडे परत जा. फॉर्म नेऊ नका. आठ निकषांच्या आठ चिठ्ठ्या न्या, ज्या त्या भाषेत लिहिलेल्या, वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवा आणि म्हणा, सगळ्यांत महत्त्वाच्या दोन उचला. इथे ‘बरोबर ना, काकू’ चालत नाही, कारण सगळ्याला हो म्हणायची सोयच नाही. ‘सगळंच हवं’ वाल्यांतले निम्मे कायदा-भाषा उचलतायत आणि निम्मे धर्म-पूर्वज, असं दिसलं तर तुमचा एक वर्ग खरं तर दोन आहे आणि होकाराने ते दोन झाकले होते. सोबत दोन कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन ठेवा. आमच्या वेळी ज्या बाईंनी ‘ए राष्ट्रम्’ विचारलं होतं, त्यांनी पुढच्या खेपेला आठही चिठ्ठ्या बघून विचारलं की यात मतदानाची कुठाय. आमच्या यादीत ती नव्हती.

जाल तेव्हा दुपारी जा, जेवणानंतर. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मात्र जाऊ नका, कोणी घरी सापडत नाही.